‘चालेल’ हे उत्तर धरलं जाणार नाही

खोटं बोलू नये असं सांगणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत. आमच्या शाळेत तर ते भिंतींवर लिहूनच ठेवलेलं होतं. पण कुणालाही खोटं बोलायची गरजच पडू नये म्हणून नियम तयार करत बसलेले, आणि त्या नियमांखाली जगातली सगळी लबाडी एक दिवस आपोआप बंद पडेल असं मनापासून मानणारे गृहस्थ मी एकच पाहिले. ते नेमके माझे पीएचडीचे गाईड निघाले. हे माझं सुदैव की दुर्दैव, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरांचा विषय कॉम्प्युटर सायन्स आणि अर्थशास्त्र यांच्या बांधावरचा. बांधाचं जे होतं तेच या विषयाचंही झालं होतं. दोन्ही बाजूंनी कोरून कोरून तो पाऊल ठेवण्यापुरता उरला होता. आमच्या कॉलेजातले कॉम्प्युटरवाले म्हणत, हे अर्थशास्त्र आहे. नगरच्या एका आर्ट्स कॉलेजातल्या अर्थशास्त्रवाल्यांनी सरांना एकदा व्याख्यानाला बोलावलं, सरांनी फळाभर ग्रीक अक्षरं मांडली, आणि त्या मंडळींनी शाल-श्रीफळ देऊन त्यांना असा काही निरोप दिला की नंतर साध्या झेंडावंदनालाही बोलावलं नाही. विषय खरं तर समजायला सोपा आहे. समजा, एखादी गोष्ट पुष्कळ माणसांत वाटायची आहे: हॉस्टेलच्या खोल्या, कॉलेजांतल्या जागा, पाण्याच्या पाळ्या. कुणाला काय द्यायचं हे ठरवायला आधी कुणाला काय हवं आहे ते कळलं पाहिजे, आणि माणूस लबाडी करतो ती इथेच. मिळणार नाही या भीतीने हवं ते सांगत नाही, दुसऱ्याला मिळू नये म्हणून नको ते मागतो. सरांचं म्हणणं, हा माणसाचा दोष नाही, नियमाचा आहे. नियम असा करा की खरं सांगणाऱ्याचा कधी तोटा होणार नाही आणि खोटं सांगणाऱ्याचा कधी फायदा होणार नाही. मग कॉम्प्युटर सगळ्यांच्या पसंत्या घेऊन क्षणात वाटणी करून देईल. अशा नियमाला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे. सर त्याला ‘लबाडी-निरुपयोगी पद्धत’ म्हणत. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते पिकावर फवारायचं औषध वाटलं होतं.

या सिद्धांताची पहिली झळ बसायची ती चहाला. केबिनमध्ये कुणीही आलं की सर विचारत, “चहा हवा का?” आपल्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं, “नको नको, आत्ताच झाला.” त्यावर समोरच्याने “घ्या हो, अर्धा कप,” म्हणायचं, आपण “कशाला उगाच,” म्हणायचं, आणि मग चहा यायचा. सरांकडे पहिलं उत्तर तेच शेवटचं. नको म्हटलं की नको. ते शांतपणे स्वतःपुरता चहा मागवत आणि तुमच्यादेखत पीत. मला तर कुणाकडे काही मागायला जमतच नाही, त्यामुळे पहिलं वर्षभर मला त्या केबिनमध्ये चहा मिळाला नाही. वास मात्र रोज मिळाला. एकदा दुसऱ्या विद्यापीठातून एक मोठे परीक्षक आले होते, भर उन्हाळ्यात, लांबचा प्रवास करून. सरांनी त्यांना सरबत विचारलं. ते सभ्य गृहस्थ, म्हणाले, “राहू द्या, कशाला त्रास.” सरांनी राहू दिलं. मग जेवणाचं विचारलं. ते म्हणाले, “बघू, घाई नाही.” सरांनी घाई केली नाही. उपाशीपोटी परीक्षकांना आमच्या विभागातल्या एका मुलाच्या प्रबंधात इतक्या चुका सापडल्या की तो अजूनही दुरुस्त्या करतो आहे.

“सर, त्यांना भूक लागली होती,” ते गेल्यावर मी म्हटलं.

“मग सांगितलं का नाही?” सर खरोखरच बुचकळ्यात पडले होते. “मी विचारलं होतं. सांगून त्यांचा काय तोटा होता?”

अशा माणसाचं लग्न कसं झालं, हा प्रश्न आमच्या विभागात सगळ्यांनाच पडायचा. त्याचं उत्तर मला काकूंनी दिलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्या बँकेत आहेत, आणि घरात व्यवहार कळणारं एक तरी माणूस असावं म्हणून देवाने त्यांना तिथे पाठवलं असावं. त्या म्हणाल्या, “अगं, पाहायला आले होते तेव्हा सगळ्यांसमोर यांनी मला काय विचारावं? म्हणे, तुम्हाला एकूण किती स्थळं आली आणि त्यांत माझा क्रम कितवा? माझे वडील तर पोह्याची बशी हातात धरून तसेच बसले. मला आला राग. मी सांगून टाकलं, तिसरा. पहिल्या दोघांनी नकार दिलाय.”

“मग?”

“मग काय, इतके खूश झाले. म्हणाले, मलाही दोघींनी नकार दिलाय, म्हणजे आता एकमेकांना सोडून जायला आपल्याला दुसरी जागाच नाही, ही जोडी पक्की टिकेल. जाताना माझ्या आईला म्हणाले, मुलगी फार प्रामाणिक आहे. पसंत आहे असं काही शेवटपर्यंत म्हणाले नाहीत हो.” काकू हे सांगताना हसत होत्या, पण भाजीची पिशवी त्या सरांच्या हाती कधी देत नाहीत. कारण सर भाजीवाल्याला आधी आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतात आणि मग त्याने त्याची कमीत कमी किंमत सांगावी म्हणून वाट पाहत उभे राहतात. भाजीवाल्याने ती कधीच सांगितलेली नाही.

कॉलेजातही त्यांनी एकदा आपला नियम लावून पाहिला होता. तासांच्या वेळांवरून दरवर्षी भांडणं व्हायची, म्हणून विभागप्रमुखांनी कंटाळून तो विषय सरांवर सोपवला. सरांनी प्रत्येकाला आपापली पसंती कळवायला सांगितली. आता ती पसंती विभागप्रमुख बघणार हे सगळ्यांना माहीत. तेव्हा एकूण एक प्राध्यापकांनी कळवलं की आम्हाला सकाळचा सगळ्यात पहिला तास फार आवडतो. सरांनी विश्वास ठेवला. जास्तीत जास्त लोकांना जास्तीत जास्त सुखी करायचं म्हणून त्यांनी वर्षभर ज्याला त्याला पाळीपाळीने पहाटेच बोलावलं. त्या वर्षी दिवाळीचा फराळ सरांच्या टेबलाकडे आला नाही. सरांना ते कळलंही नाही, कारण फराळ हवा का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं मी हसून सांगते आहे, पण तेव्हा मला हसू येत नसे. माझ्या बरोबरीच्या मुली पुण्यात नोकऱ्या करत होत्या, लग्नाचे फोटो पाठवत होत्या, आणि मी नगरच्या बाहेर, गाळपाच्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरमागे स्कूटी रखडवत एका अशा विषयात खपत होते, जो घरी आईला समजावून सांगताना मी दरवेळी ‘कॉम्प्युटरमधलं आहे’ एवढ्यावर थांबायचे. प्रबंधाची सुरुवातीची प्रकरणं झाली होती. दुसऱ्या प्रकरणात तर मी एक सिद्धताही दिली होती, की अमुक प्रकारच्या वाटणीत आपण खोटं सांगितलं तर आपल्याला जास्त काहीही मिळत नाही. सरांना ती सिद्धता इतकी आवडली होती की ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. पण विद्यापीठाच्या समितीने विचारलं, हे सगळं कागदावर ठीक आहे, खरी माणसं कुठे आहेत? शेवटचं प्रकरण प्रत्यक्ष प्रयोगाचं हवं. मला मुदतवाढ एकदा मिळाली होती. दुसऱ्यांदा मिळत नाही. ते एक प्रकरण झालं तर पीएचडी, नाही तर इतकी सगळी वर्षं पाण्यात.

यावर सगळं जग करतं तो एक सोपा उपाय होता. कॉम्प्युटरमध्येच हजारभर काल्पनिक माणसं तयार करायची, त्यांना आवडीनिवडी द्यायच्या आणि त्यांच्यावर नियम चालवून बघायचा. सरांना याचं नाव काढलेलंही खपत नसे. “जी माणसं आपणच बनवली ती आपलंच ऐकणार,” ते म्हणत. “त्यात काय प्रयोग झाला? तो तर आरसा झाला.” आमच्याच मजल्यावर पिकांच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखणारा कॉम्प्युटर तयार करणारे दुसरे एक सर होते. त्यांचे विद्यार्थी दर वर्षी पेढे वाटायचे. त्यांच्या दारावरून जाताना मी नजर सरळ ठेवायचे.

आणि मग सरांना त्यांच्या गावाहून फोन आला. सरांचं गाव शेवगाव तालुक्यात. तिथला सरपंच सरांचा शाळेतला मित्र. गावचा आठवडे बाजार एसटी स्टँडच्या रस्त्यावर भरायचा, पावसाळ्यात चिखलात आणि बाकी वर्षभर धुळीत. ग्रामपंचायतीने आता देवळामागे पत्र्याचं शेड टाकून सिमेंटचे ओटे बांधले होते, आणि कोणता ओटा कुणाचा यावरून बाजारकरी हातघाईवर आले होते. सरांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. सरपंच म्हणाला, “मास्तर, तुझं ते वाटनीचं मशीन हाय ना, ते आन हिकडं. लोकं एकमेकाची डोकी फोडायला निघाल्यात.” सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला भीती वाटली. इतकी वर्षं ते ज्या फोनची वाट बघत होते तो हा होता, आणि माझं शेवटचं प्रकरणही.

बाजाराच्या दिवशी सकाळी, माल मांडायच्या आधी, आम्ही त्या शेडमध्ये सगळ्यांना गोळा केलं. सर गावात गेले की त्यांची भाषा बदलते, खांदेही जरा सैल होतात. त्यांनी ओट्यांचा नकाशा फळ्यावर काढला आणि म्हणाले, “हे बघा, ज्याला जी जागा पायजे ती त्यानं खरी सांगायची. खरं सांगितलं तर तोटा न्हाई, खोटं सांगितलं तर फायदा न्हाई.”

कांदे-लसूणवाला पुढेच बसला होता. तो म्हणाला, “मंग बोलायचं कशापायी? गप बसलेलंच बरं की.”

लोक हसले. सर हसले नाहीत. “गप्प बसलात तर कॉम्प्युटरला कळणार कसं?”

“त्याला समदं कळतंय म्हंत्यात ना?”

मी लॅपटॉप उघडून बसले आणि एकेक जण समोर येऊ लागला. पहिली बाई म्हणाली, “कुटंबी चालंल, ताई.” दुसरी म्हणाली, “आमाला काय, कुटंबी चालंल.” तिसऱ्यालाही चाललं. चौथ्याला चाललं तेव्हा सर उठले आणि त्यांनी फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘चालेल’ हे उत्तर धरलं जाणार नाही. पुढच्या माणसाने ते मोठ्याने वाचलं, जरा विचार केला आणि मला म्हणाला, “मंग ‘जमंल’ लिवा.”

सरांनी समजावलं, विनवलं, शेवटी जवळजवळ हात जोडले. तेव्हा लोकांनी एकेक जागा सांगायला सुरुवात केली, आणि जो तो सगळ्यात मागचा, सगळ्यात अंधारा कोपरा मागू लागला. सुकट-बोंबीलवाली एक उंच, काटक मावशी होती. ती म्हणाली, “मला त्या टोकाला टाका. माझ्या वासाचा लोकांना तरास नगं.”

तिच्या मागे फुलंवाली उभी होती. “असं कसं, मावशे? मीच जाते टोकाला.”

“तू फुलंवाली, तू म्होरं बस की.”

“न्हाई न्हाई, तुमी बसा म्होरं. माझं काय, चार हार तर इकायचे.”

“तुझ्या हाराला बोंबलाचा वास लागंल, बये.”

“लागू द्या.”

सगळी रांग त्यांचं ऐकत होती, आणि दोघींनाही टोकाला जायचं नव्हतं हे त्या रांगेतल्या लहानग्या पोरालाही कळलं असतं. पण आमच्या नियमाने तो अंधारा कोपरा संपूर्ण बाजारातली सगळ्यात मोलाची जागा ठरला.

मधे चहा आला. मी बायकांच्यात जाऊन बसले. बोलले काहीच नाही, पण न बोलणाऱ्या माणसाजवळ लोक बोलतात, हा माझा जुना अनुभव आहे. बोंबीलवाली हलक्या आवाजात म्हणाली, “खरं सांगू का, ताई? म्होरली, ती खांबाजवळची जागा बेस हाय. स्टँडवरनं येनारं गिऱ्हाईक पयलं तितंच थांबंल. पन म्या कशी मागू? उंद्या म्हन्तील, बोंबीलवालीला लई वर बसायचं सुचतंय.”

मी उठून सरांना बाजूला घेतलं. “सर, यांनी खरं सांगितलेलं नाही.”

“खोटं सांगून यांना काय मिळणार?” सर म्हणाले.

“काही नाही मिळणार.”

“मग का सांगतील?”

“सर, त्या मावशींना खांबाजवळची जागा हवी आहे. त्यांनी मला सांगितलं.”

“तुला सांगितलं. नियमाला सांगितलं नाही.” सर कठोर नव्हते, मला समजावत होते. “आपण कानात सांगितलेलं धरायला लागलो, तर मग आपल्यात आणि गावच्या पुढाऱ्यात फरक काय? आणि तू दुसरं प्रकरण विसरलीस का? आपण सिद्ध केलंय.”

सिद्ध मीच केलं होतं. मी लॅपटॉपपाशी परत गेले.

वाटणी झाली. सरपंचाने ती स्पीकरवर वाचून दाखवली. ज्याने जे मागितलं होतं त्याच्या जवळपासचं ज्याला त्याला मिळालं, म्हणजे ज्याला जे नको होतं तेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. “लई बेस झालं, सर,” बोंबीलवाली म्हणाली. तिला टोकाचा कोपरा मिळाला होता. परतीच्या वाटेवर सर गाडी चालवताना गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही ऐकलं नाही. “तुझं शेवटचं प्रकरण झालं,” ते म्हणाले. “आणि माझंही एक काम झालं. एकदा तरी हे खऱ्या माणसांवर चालताना बघायचं होतं.”

पुढच्या बाजाराला आम्ही ते चालताना बघायला गेलो. शेडमध्ये कुणी नव्हतं. ओट्यांवर ताजा चुना होता, सरांच्या हुकमाने टाकलेले आकडे होते, दोन ओट्यांमधल्या जागेत मोटारसायकली लावल्या होत्या आणि एका खांबाला शेळी बांधली होती. बाजार एसटी स्टँडच्या रस्त्यावर भरला होता, जिथे तो नेहमी भरतो तिथेच, ज्याच्या त्याच्या जुन्या जागी. वळवाचा पाऊस पडून गेलेला. लोक चिखलात पोती अंथरून बसले होते.

सर एकेकापाशी जाऊन उभे राहिले. मी मागे.

“मावशी, तुम्ही तिकडे का नाही गेलात?”

“जाते की, सर. तुमी दिलं ते बेसच हाय. बाकीच्यास्नी जाऊंद्या, मंग मी जाते.”

फुलंवाली म्हणाली, “मी एकटी जाऊन बसले तर म्हन्तील, हिला लई घाई. आन हितली जागा गेली म्हंजी?”

कांदे-लसूणवाला म्हणाला, “सर, गिऱ्हाईक हितं हाय, तर आमी हितं.” गिऱ्हाइकाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, दुकानं हितं हायेत तर आमी हितं.

सर रस्त्याच्या कडेला चिखलात उभे राहिले. बाजाराकडे बघत ते म्हणाले, “समतोल आहे.” त्यांचा आवाज इतका सपाट होता की मला आधी कळलंच नाही ते माझ्याशी बोलतायत. “आपल्या विषयातला अगदी शुद्ध समतोल. कुणी एकट्याने जागा सोडून त्याचा फायदा नाही. म्हणून कुणी सोडत नाही. हे मी वीस वर्षं मुलांना शिकवतोय.”

सरपंच मोटारसायकल थांबवून म्हणाला, “काय मास्तर, तुझं मशीन चुकलं का आमची मानसं?”

“माणसं चुकत नाहीत रे. गृहीत चुकलं.”

“ते कोन आनखी?” असं म्हणून तो हसला, मग सरांचा चेहरा बघून म्हणाला, “जाऊंदे. च्या घे.”

सरांनी चहा घेतला नाही. खरंच नको होता.

परत येताना करंजी घाटाच्या अलीकडे त्यांनी एका टपरीपाशी गाडी थांबवली. खाली उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, “हे प्रकरण आता होत नाही. आपण काय चुकलो ते मला कळलंय. लोक फायद्यासाठी खोटं बोलतात एवढंच आपण धरलं होतं. तोटा सोसून खोटं बोलणारी माणसं आपल्या गणितात नाहीतच. ती घालायची तर सगळं मुळापासून मांडावं लागेल. मला ते करायचंय. पण त्याला किती वर्षं लागतील ते मी सांगू शकत नाही, आणि तुला मुदत नाही. पानांचे रोग बघणारे सर तुला घेतील. मी त्यांच्याशी बोलेन. तुझी आधीची प्रकरणं तशीच ठेवून शेवटचं प्रकरण कॉम्प्युटरमधल्या माणसांवर करून देतील. काही महिन्यांत होईल. किंवा माझ्याकडे राहा. तुला काय हवंय?”

मला काय म्हणायचं ते माझ्या तोंडात तयार होतं. तुम्ही म्हणाल तसं, सर. ते म्हटलं असतं तर सरांनी काय केलं असतं मला माहीत नाही. मी खिडकीबाहेर बघितलं. टपरीवाला भजी तळत होता.

“सर, मला त्यांच्याकडे जायचंय,” मी म्हटलं.

सरांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. “बरं,” ते म्हणाले. “स्पष्ट आहे.” मग गाडी सुरू केली, आणि बरंच पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण टपरीपाशी थांबलो होतो ते काहीतरी खायला.

मी दुसऱ्या गाईडकडे गेले. सरांनी स्वतः अर्ज केला, स्वतः सह्या आणल्या, माझं कपाट रिकामं करताना माझी पुस्तकं उचलून त्या दुसऱ्या दारापर्यंत आणून दिली, आणि दारातून आत आले नाहीत. मी कॉम्प्युटरमध्ये हजार विक्रेते तयार केले. प्रत्येकाला काय हवं ते त्याला नीट माहीत होतं, प्रत्येकाने ते विचारल्याबरोबर सांगितलं, आणि वाटणी झाल्याबरोबर प्रत्येक जण आपापल्या ओट्यावर जाऊन बसला. कुणी कुणाला तुम्ही पुढे बसा म्हटलं नाही. आलेख इतके सुंदर आले की नवे सर म्हणाले, हे आधीच का नाही केलं? व्हायव्याला माझे जुने सर शेवटच्या रांगेत बसले होते. कुणाला काही विचारायचं आहे का, असं विचारल्यावर सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांना विचारायचं होतं हे मला दिसत होतं, आणि ते नाही म्हणाले.

पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले. काकू म्हणाल्या, “आज बाजार ना. हे गावाला. तिकडेच जा, बघून ये एकदा.” पुढे काही सांगितलं नाही.

मी शेवगावहून जीपने गेले. बाजार रस्त्यावरच भरला होता. शेडमध्ये मात्र पुढच्या ओट्यावर सर मांडी घालून बसले होते, समोर गोणपाटावर त्यांच्या शेतातल्या लिंबांचा ढीग. बाकीचे सगळे ओटे रिकामे. कुणी तरी पहिलं जायला हवं होतं, आणि पहिलं कुणी जात नव्हतं, म्हणून ते स्वतः जाऊन बसले होते. काकूंच्या सांगण्यावरून मागाहून कळलं, दर बाजाराला असेच बसतात. सुट्टी पडली नाही तर रजा टाकून. गावातली माणसं रस्त्यावरून जाताना थांबून बघत. एक जण म्हणालाही, “मास्तराचं टकुरं फिरलं,” तर दुसरा म्हणाला, “न्हाई रं, लिंबं चांगली हायेत,” आणि दोघंही रस्त्यावरच्या बाजारात लिंबं घ्यायला गेले.

मी पेढ्यांचा पुडा पुढे केला. सरांनी एक पेढा घेतला. दुसरा हवा का विचारलं तर हो म्हणाले आणि दुसराही घेतला. मला बस म्हणाले नाहीत. मी आपली आपण ओट्याच्या कडेवर बसले. ऊन वाढलं होतं; पत्र्याखाली सावली होती. लिंबं विकली जात नव्हती. सर पूर्वीपेक्षा म्हातारे दिसत होते, आणि त्यांच्या नव्या कामात त्यांना मदत करणारा विद्यार्थी कुणी नव्हता हे मला माहीत होतं.

मग खांबाच्या पलीकडून टोपली जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला आणि सुकटीचा वास आला. बोंबीलवाली मावशी तिथे, खांबाजवळच्या ओट्याला पाठ लावून खाली बसत होती. सिमेंटवर नाही, जमिनीवर, ओट्याला टेकून. आमच्याकडे न बघताच म्हणाली, “उनाचं आले नुसती. बसले न्हाई हां, सर. टेकलेय.”

मी वळून बघायला लागले, तेवढ्यात सरांनी माझ्या बाहीला धरलं. त्यांनी आवाज इतका खाली आणला होता की मला तो जेमतेम ऐकू आला.

“तिकडे बघू नकोस,” ते म्हणाले. “बघितलंस तर उठून जाईल.”

मी लिंबांकडे बघत राहिले.